मुंबईत नवं बरंच झालं, पण सांभाळणार कोण?

उंबरठा
राजकारणाचा धागा नाही, हे आधीच सांगते. पक्ष आणि नेत्यांवर तोंडसुख घ्यायला दुसरे धागे वर चालू आहेत, तिकडे गर्दी करा.

राज्याचं पर्यटन धोरण २०२४ साली आलं. दहा वर्षांत १ लाख कोटींची गुंतवणूक आणि १८ लाख रोजगार, हे त्याचं लक्ष्य. त्याआधी मार्च २०२२मध्ये मुंबईचा वातावरण कृती आराखडा आला, त्यात २०५०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं (नेट झिरो, म्हणजे हवेत सोडू तेवढाच कार्बन शोषला जाईल असं) लक्ष्य. मधल्या काळात अटल सेतू झाला, सागरी किनारा रस्ता झाला, आरे ते कफ परेड भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५मध्ये पूर्ण झाली. कामं झालीच नाहीत असं म्हणणारा एक तर मुंबईत राहत नाही किंवा घराबाहेर पडत नाही. मी परळहून हुतात्मा चौकात मेट्रोने जाते आणि आनंदाने जाते.

मला खुपतं ते वेगळंच. बांधायला पैसा असतो, सल्लागार असतो, कोनशिलेवर नावं असतात. दुसऱ्या दिवसापासून तिथे झाडू कोण मारणार, दिवा गेला तर कोण बदलणार, नळाला पाणी नसेल तर कुणाला फोन करायचा, याचा कुठेच पत्ता नसतो.

तर प्रश्न सरळ आहे. तुमच्या माहितीतलं असं एक ठिकाण सांगा, जे गेल्या काही वर्षांत सुधारलं आणि नंतरही *सुधारलेलंच राहिलं*. उद्घाटनाचे फोटो नकोत.

ठाकूरद्वार
राणीची बाग. पेंग्विन.

नाममात्र
पहिल्याच प्रतिसादात पेंग्विन! आता धागा शंभरी गाठणार.

ठाकूरद्वार
अहो चेष्टा नाही. २०१६ला पक्षी आणले तेव्हा मीही हसलो होतो. पण रविवारी तिकडची रांग बघा. आणि थंडगार काचेमागची ती खोली रोज चालू ठेवावीच लागते, नाहीतर पक्षी मरतील. म्हणून तिथलं यंत्र बंद पडत नाही. बागेतला दिवा गेला तर कोणी मरत नाही, म्हणून तो महिनाभर तसाच.

उंबरठा
हा मुद्दा आवडला. नोंद घेतली.

शेवटचा_डबा
मुळात सांभाळ सांभाळ काय लावलंय? आधी बांधू तर द्या. वरळी-वांद्रे सागरी सेतू २००९ला झाला, त्यानंतर मोठं काय झालं इतकी वर्षं? आता एकदाच १०.५८ किलोमीटरचा किनारा रस्ता, त्यात दोन दोन किलोमीटरचे जुळे बोगदे, बोगदा खणणाऱ्या यंत्राचं नाव ‘मावळा’. वरळीहून मरीन ड्राइव्हला दहा-बारा मिनिटांत पोचतो मी. टोल नाही. ऑगस्ट २०२५पासून समुद्राकडेने फिरायचा पदपथही खुला आहे. लोकांना चांगलं बघवत नाही हेच खरं.

नाममात्र
तुम्ही पोचता, कारण तुमच्याकडे चारचाकी आहे. दुचाकीला तिथे बंदी. मूळ आराखड्यात बससाठी वेगळी मार्गिका होती, ती कुठे गेली ते सांगा. आणि चालत जाणाऱ्याला त्या पदपथावर पोचायला भुयारी वाट शोधत फिरावं लागतं. म्हाताऱ्या आईला घेऊन गेलो होतो, बसायला सावली नाही, स्वच्छतागृह विचारलं तर सुरक्षारक्षक म्हणाला हाजी अलीला बघा.

शेवटचा_डबा
झाडं लावलीत हो. ७० हेक्टर हिरवळ होणार आहे. एका पावसात वड उगवत नाही.

फिरस्ती
मी दक्षिण मुंबईत वारसा फेऱ्या घेतो, म्हणजे माझं पोटच पर्यटनावर आहे. त्यामुळे जरा लांब लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी चांगलं. जानेवारी २०२१मध्ये पालिकेने आपली मुख्य इमारत लोकांना आतून बघायला खुली केली. तोपर्यंत सामान्य माणूस तिथे फक्त अर्ज घेऊन जायचा. मलबार हिलवर मार्च २०२५मध्ये झाडांमधून जाणारी ४८५ मीटरची उन्नत पायवाट झाली. २५ रुपये तिकीट, ऑनलाइन वेळ ठरवायची, एका तासाला ठरावीक माणसं. लोकांनी नाकं मुरडली की झाडं बघायला तिकीट कशाला. माझ्या मते ती पायवाट आजही नीट आहे ती त्या तिकिटामुळे आणि त्या मर्यादेमुळेच. धागाकर्तीच्या प्रश्नाला माझं हे उत्तर. अर्थात अजून नवीच आहे, पाच वर्षांनी विचारा.

आता वाईट. त्याच टेकडीच्या पायथ्याशी बाणगंगा. जून २०२४मध्ये तिच्या सुधारणेच्या कामात कंत्राटदाराने तळ्यात खोदयंत्र उतरवलं आणि जुन्या दगडी पायऱ्याच तुटल्या. गुन्हा दाखल झाला, पायऱ्या पुन्हा बसवल्या. पण मला सांगा, जिथे हाताने गाळ काढायचा तिथे यंत्र उतरवायला कुणीतरी ‘हो’ म्हटलंच असेल ना?

खरी गोम मालकांच्या संख्येत आहे. कान्हेरीला जा. राष्ट्रीय उद्यानाच्या दारात वनखात्याचं तिकीट, आत लेण्यांपाशी पुरातत्त्व खात्याचं वेगळं तिकीट. परदेशी पाहुणा विचारतो, मी आधी कशाचे पैसे दिले? घारापुरीला तर विचारू नका. लेणी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची, गाव ग्रामपंचायतीचं, जिल्हा रायगड, बोटी खासगी, आणि बोट सुटते मुंबईतून. १९८७पासून जागतिक वारसा असलेल्या या बेटावर समुद्राखालून तार टाकून चोवीस तासांची वीज आली ती २०१८मध्ये. एकतीस वर्षं! कारण बेटाचं भलं करणं हे कुठल्याच एका खात्याचं काम नव्हतं.

कांदेपोहे
फिरस्ती, सुंदर प्रतिसाद. आमच्याकडे पुढच्या आठवड्यात सांगलीहून पाहुणे येतायत, घारापुरीचाच बेत आहे. सोमवारी गर्दी कमी असते ना?

ठाकूरद्वार
नीलांबरी बंद केली तेव्हापासून माझा पर्यटन खात्यावर राग आहे. वरून उघडी दुमजली बस, रात्री दिवे लागल्यावर राजाबाई टॉवरखालून जायची. १९९७पासून चालू होती, ऑक्टोबर २०२४ला मोडीत. त्याआधी सप्टेंबर २०२३मध्ये लाल दुमजली गेली. नवी वातानुकूलित दुमजली आली, पण तिच्या वरच्या मजल्यावर खिडकी उघडत नाही. वारा कुठून खायचा?

नाममात्र
+१. वाऱ्याशिवाय वरचा मजला म्हणजे नुसतंच जिना चढणं.

निवृत्त_उपअभियंता
नोकरीची बरीच वर्षं पर्जन्य जलवाहिन्या खात्यात गेली, म्हणून उंबरठाताईंच्या प्रश्नाच्या मुळाशी काय आहे ते सांगतो.

पालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. त्यात निम्म्याहून जास्त रक्कम भांडवली, म्हणजे नवीन बांधायला. परिरक्षणाचा, म्हणजे देखभालीचा पैसा महसुली, म्हणजे रोजच्या खर्चाच्या बाजूने येतो आणि तिथे पगार, निवृत्तिवेतन, वीजबिल यांच्या मागे रांगेत उभा राहतो. भांडवली कामाला फाइल असते, आढावा बैठक असते, आयुक्त स्वतः विचारतात. नाल्याच्या जाळीत अडकलेली पिशवी काढण्याची आढावा बैठक होत नाही. लग्न थाटात आणि संसार उधारीवर, असा तो सगळा प्रकार आहे.

आता एक ठिकाण घ्या. चैत्यभूमीजवळची प्रेक्षक सज्जा, २०२२ साली खुली झाली. गिरगाव चौपाटीलाही तशीच आहे. संध्याकाळी दोन्हीकडे माणसं मावत नाहीत, छान वाटतं. पण त्या सज्जा उभ्या कशावर आहेत? पावसाचं पाणी समुद्रात सोडणाऱ्या पातमुखांवर. कल्पना म्हणून मला ती आवडते, निरुपयोगी आणि घाण जागेचा उपयोग झाला. अडचण अशी की त्या वाहिनीतून फक्त पावसाचं पाणी येत नाही. ज्या वस्त्यांना मलवाहिनी नाही त्यांचं सांडपाणी नाल्यात, नाला पर्जन्य वाहिनीत, वाहिनी समुद्रात. वर उभं राहून सूर्यास्ताचा फोटो काढताना नाक धरावं लागतं ते म्हणून.

यावरचं खरं काम कोणी बघायला जात नाही. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर, भांडुप अशी सात सांडपाणी प्रक्रिया केंद्रं, मिळून दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर. १९ जानेवारी २०२३ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. आजवर आपण वरळी आणि वांद्र्याला जुजबी गाळून तीन किलोमीटरहून आत समुद्रात सोडत आलो. पर्यटनाला उपयोगी असं या शहरातलं एक काम निवडा म्हणालात, तर मी पायवाटही निवडणार नाही आणि सज्जाही नाही. ही सात केंद्रं निवडीन. समुद्राला वास आला नाही तर चौपाटीवर दुसरं काही बांधायची गरजच नाही.

उंबरठा
उपअभियंता काका, तो थाटाच्या लग्नाचा मुद्दा पटला. पण एक शंका. कंत्राटदारावर काही वर्षं दुरुस्तीची जबाबदारी असते ना?

निवृत्त_उपअभियंता
असते. दोषदायित्व कालावधी म्हणतात. पण त्यात बांधकामातला दोष येतो. काँक्रीटला तडा गेला तर कंत्राटदार. काँक्रीटवर कचरा पडला तर कोणीही नाही.

शेवटचा_डबा
म्हणजे शेवटी दोष कचरा टाकणाऱ्या लोकांचाच. मी हेच म्हणत होतो.

ओहोटी
दादा, लोकांवर ढकलून मोकळे होऊ नका. मी वरळी कोळीवाड्यातली. तुमचा दहा मिनिटांचा रस्ता आमच्या दारातून गेलाय. क्लीव्हलँड बंदरातून आमच्या होड्या बाहेर पडतात. तिथे पुलाच्या दोन खांबांत ६० मीटर अंतर ठेवलं होतं. उधाणात, वाऱ्यात होडी त्यातून काढून दाखवा म्हटलं कोणी साहेबाने. काम अडवलं, समुद्रात होड्या उभ्या केल्या, तेव्हा कुठे मधला एक खांब गेला आणि १२० मीटर झालं. ते आधी विचारलं असतं तर त्यांचाही वेळ वाचला असता आणि आमचाही हंगाम.

पर्यटनाच्या गप्पा आमच्याकडेही येतात. कोळीवाडे सुशोभित करू, भिंती रंगवू. भिंतीवर मासे काढून पोट भरत नाही. माहीमला बघा, तिथे पालिकेने बचतगटाच्या बायकांना किनाऱ्यावर माशाच्या जेवणाचे गाळे काढून दिले. आमच्यातल्या काही जणींचं माहेर तिकडे आहे, त्या सांगतात की शनिवार-रविवारी हाताला उसंत नसते. जागा स्वच्छ राहते कारण त्या स्वतः धुतात. गिऱ्हाईक आलं पाहिजे ना उद्या.

तर ताई, माझं उत्तर माहीमचं.

कांदेपोहे
ओहोटीताई, तिकडे बोंबील रवा लावून की नुसते?

ओहोटी
तांदळाच्या पिठात. रवा लावतात ते हॉटेलवाले.

ठाकूरद्वार
रवाच. कुरकुरीतपणा रव्याला.

पाणचट
झालं. नेट झिरोवरून सुरू झालेला धागा बोंबलावर आला.

ओहोटी
ठाकूरद्वारला बोंबील कळले असते तर गिरगावात खानावळी टिकल्या असत्या. हलके घ्या.

व्यवस्थापक
बोंबलासाठी पाककृती विभागात वेगळा धागा काढावा. इथले पुढचे सोळा प्रतिसाद तिकडे हलवले आहेत.

खाडीकाठ
मी वाशीचा, म्हणजे तुमच्या दृष्टीने मुंबईबाहेरचा, तरी बोलतो. फ्लेमिंगोला महापालिकेची हद्द कळत नाही.

ठाणे खाडीला २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, ऑगस्ट २०२२मध्ये ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झाली. ऐरोलीला वनखात्याचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून भरतीच्या वेळी बोटीने पक्षी बघायला नेतात. नीट चालतं. का चालतं? कारण राज्याने २०१२मध्ये कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्ष नावाची वेगळी यंत्रणाच उभी केली. खारफुटी तोडली, भराव टाकला की कुणाकडे जायचं ते माहीत असतं. माणसं आहेत, गस्त आहे, बोट आहे. उंबरठाताई, ‘सुधारलं आणि टिकलं’ याचं माझ्याकडचं हे सगळ्यात ठळक उदाहरण, आणि हे सरकारचंच श्रेय आहे, मोकळेपणाने देऊया.

पण याच्या बाजूलाच दुसरी गोष्ट. नेरूळच्या डीपीएस तलावात खाडीचं पाणी येण्याची वाट अडली, तलाव आटला, २०२४मध्ये फ्लेमिंगो मेले. लोकांनी ओरड केली, तेव्हा एप्रिल २०२५मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तो संवर्धन राखीव म्हणून मान्य केला. त्याआधी मे २०२४मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून एका रात्रीत ३९ पक्षी गेले. पक्ष्यांना बसायला जागा उरली नाही की ते रात्रीबेरात्री उडतात, असं पक्षी निरीक्षकांपैकी बऱ्याच जणांचं मत आहे.

आणि आता वर्सोवा ते भाईंदर किनारा रस्त्यासाठी ४५ हजारांच्या आसपास खारफुटी जाणार, न्यायालयाची परवानगी मिळाली आहे. बदल्यात दुसरीकडे लावणार म्हणे. खारफुटी कुंडीतलं झाड नाही. भरती-ओहोटीचं पाणी, गाळ, खारेपणा हे जुळलं तरच ती धरते. त्याच सरकारचा एक हात कांदळवन वाचवतो, दुसरा तोडतो, मग शून्य उत्सर्जनाचं गणित कोण मांडतंय?

शेवटचा_डबा
भाईंदरच्या लोकांनी मग आयुष्यभर लोकलला लटकायचं का? डहाणू लोकलमध्ये एकदा सकाळी चढून दाखवा.

खाडीकाठ
लोकलला लटकणारा माणूस किनारा रस्त्यावर गाडी चालवणार आहे का? त्याला हवी जास्त लोकल आणि जास्त बस. मे २०२५मध्ये साध्या बसचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० केलं, बेस्टच्या स्वतःच्या गाड्या घटत चालल्यात. वातावरण आराखड्यातच लिहिलंय की मुंबईच्या उत्सर्जनात सुमारे ७२ टक्के वाटा ऊर्जेचा आणि २० टक्के वाहतुकीचा. मग बस महाग करून कुठलं लक्ष्य गाठणार?

शेवटचा_डबा
मेट्रो विसरलात. भुयारी मेट्रो ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, ७० रुपयांत टोकापासून टोकापर्यंत. वाहतुकीतलं उत्सर्जन कमी करायला याहून मोठं काम दुसऱ्या कुठल्या सरकारने केलंय? त्यासाठी २०१९ला आरेतली झाडं गेली, तेव्हा तुम्हीच लोकांनी बोंब मारली होतीत. आज त्याच मेट्रोत बसता.

उंबरठा
बसते. आणि झाडं गेली तेव्हा वाईट वाटलं होतं, तेही खरं. मेट्रो हवी होती, वाद गाड्यांचं आगार कुठे असावं याचा होता.

नाममात्र
त्याच मेट्रोचं आचार्य अत्रे चौक स्थानक १० मे २०२५ला सुरू झालं आणि २६ मेच्या पावसात आत पाणी शिरलं. पर्यटकांसाठी धबधबा समाविष्ट.

निवृत्त_उपअभियंता
नाममात्र, ते तेव्हा काम अपुरं असलेल्या प्रवेशद्वारातून शिरलं होतं. विनोद ठीक, पण त्यानंतर स्थानक दुरुस्त करून चालू केलं हेही लिहा.

पाणचट
७२ टक्के ऊर्जा म्हणालात ना? २०२२च्या शेवटी शहर सुशोभीकरणाचा सुमारे १७०० कोटींचा कार्यक्रम निघाला. दिव्याच्या प्रत्येक खांबाला रंगीत दिव्यांची माळ, झाडांच्या बुंध्यालाही माळ. बारा महिने दिवाळी. आमच्या गल्लीतल्या माळेचे निम्मे दिवे आता बंद आहेत. पर्यावरणाच्या दृष्टीने हेच सगळ्यात यशस्वी परिरक्षण.

ठाकूरद्वार
हसून हसून पुरेवाट.

फिरस्ती
पाणचटने हसता हसता बरोबर जागी बोट ठेवलं. मला फेऱ्यांमध्ये एकाही पाहुण्याने रंगीत दिवे कुठे आहेत असं विचारलेलं नाही. विचारतात ते स्वच्छतागृह. विशेषतः बायका. फेरी आखताना मी आधी स्वच्छतागृहं नकाशावर मांडतो आणि मग त्यांच्यामधून इमारती जोडतो. ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंचा, एकीकडे व्हिक्टोरियन आणि दुसरीकडे आर्ट डेको इमारतींचा परिसर २०१८पासून जागतिक वारसा आहे. तिथे दोन तास उभं राहायचं तर माणसाला हीच सोय आधी लागते.

उंबरठा
आता जरा गोळा करते, कारण प्रश्न मी विचारला होता. नावं आली ती अशी: राणीची बाग, मलबार हिलची पायवाट, माहीमचे गाळे, ऐरोलीचं केंद्र. सांडपाणी केंद्रं अजून व्हायची आहेत, ती धरत नाही. या चारांत मला एक गोष्ट दिसते. प्रत्येक ठिकाणी रोज हजर असणारा कुणीतरी ठरलेला आहे आणि काम बिघडलं तर त्याचं स्वतःचं काहीतरी बुडतं. सज्जा, पदपथ, माळा यांच्याकडे असा माणूस नाही.

शेवटचा_डबा
चार नावं आली आणि त्यातली चारही सरकारी. धागा सरकारविरोधी निघाला होता ना?

उंबरठा
नव्हता. पुन्हा वाचा.

निवृत्त_उपअभियंता
ताई, त्या यादीला एक जोड देतो. मार्च २०२२पासून जानेवारी २०२६च्या निवडणुकीपर्यंत मुंबईत नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे होता. तुम्ही म्हणता ती ‘दुसऱ्या दिवसाची’ तक्रार पूर्वी नगरसेवकाकडे जायची. तो काम करो न करो, रात्री अकराला दार वाजवता यायचं. मोठी कामं या काळात वेगाने झाली, ते मान्य. पण फुटकी जाळी कुणाच्याच खिजगणतीत नव्हती. आता माणूस निवडून आलाय. त्याला नवीन काही मागू नका. प्रभागातल्या आधीच बांधलेल्या गोष्टींची यादी द्या आणि प्रत्येकीपुढे परिरक्षणाची तरतूद किती ते लेखी मागा. माहिती अधिकारात मागितलं तरी मिळतं, पण नगरसेवकाने मागितलं की लवकर मिळतं.

ओहोटी
आम्ही दिली यादी. पहिलं नाव बंदरावरच्या दिव्याचं. पहाटे होड्या लागतात तेव्हा अंधार असतो.

नाममात्र
ओहोटीताई, काही झालं तर इथे लिहा.

कांदेपोहे
फिरस्ती, माझं राहिलंच. सोमवारी घारापुरी, सकाळी नऊची बोट पकडली तर चालेल ना?

फिरस्ती
बोट कितीचीही पकडा, सोमवारी लेणी बंद असतात. मंगळवारी न्या. आणि पाहुण्यांना गेटवेलाच सगळं उरकून घ्यायला सांगा.